सूर्यप्रकाश, पर्यावरणीय प्रदूषण आणि त्वचेचा कर्करोग

त्वचेचा कर्करोग हा त्वचेतील पेशींच्या अनियंत्रित वाढीमुळे होणारा रोग आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे हे या रोगाचे जगभरातील सर्वांत महत्त्वाचे कारण मानले जाते. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक, काजळी, कोळशाचे डामर आणि शुद्धीकरण न केलेली वंगण तेले यांसारख्या पर्यावरणीय व व्यावसायिक प्रदूषकांमुळेही हा रोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. गोऱ्या वर्णाच्या लोकसंख्येत सूर्यप्रकाशाचा वाटा मोठा असतो. भारतीय उपखंडात मात्र रोगाचे एकूण प्रमाण कमी असून त्याच्या कारणांमध्ये आर्सेनिकयुक्त भूजल, जुने भाजल्याचे व्रण आणि त्वचेचे दीर्घकालीन घर्षण यांना तुलनेने अधिक महत्त्व आहे.

जागतिक अंदाजांनुसार २०२२ साली मेलॅनोमा या प्रकाराचे सुमारे ३ लाख ३० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ५८ हजार रुग्णांचा मृत्यू झाला. त्वचेच्या अन्य कर्करोगांच्या नव्या रुग्णांची संख्या त्याच वर्षी १२ लाखांहून अधिक होती. अनेक देशांत या अन्य प्रकारांची नोंद नियमितपणे होत नसल्यामुळे प्रत्यक्ष संख्या यापेक्षा मोठी असते.

प्रकार

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला बाह्यत्वचा म्हणतात. तिच्यातील कोणत्या पेशीपासून कर्करोग सुरू होतो त्यावरून त्याचे तीन मुख्य प्रकार केले जातात.

आधारपेशी कर्करोग: बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींपासून हा सुरू होतो. तो सावकाश वाढतो व शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो. तथापि उपचार न केल्यास नाक, डोळे व कान यांच्या जवळील ऊती तो नष्ट करू शकतो.

शल्कपेशी कर्करोग: बाह्यत्वचेच्या वरच्या स्तरांतील चपट्या पेशींपासून हा उद्भवतो. खरखरीत गाठ किंवा न भरणारी जखम या स्वरूपात तो दिसतो. काही रुग्णांमध्ये तो लसीका ग्रंथींपर्यंत पसरतो. आर्सेनिक, डामर व जुने व्रण यांच्याशी मुख्यतः याच प्रकाराचा संबंध आढळतो.

मेलॅनोमा: मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या रंजकपेशींपासून हा होतो. तो इतर दोहोंपेक्षा कमी आढळतो; परंतु लवकर पसरत असल्यामुळे त्याच्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण रुग्णसंख्येच्या मानाने बरेच अधिक असते.

अतिनील किरणे

तरंगलांबीनुसार अतिनील किरणांचे तीन गट पाडले जातात. यूव्हीसी (१०० ते २८० नॅनोमीटर) किरणे वातावरणात पूर्णपणे शोषली जातात. यूव्हीबी (२८० ते ३१५ नॅनोमीटर) किरणांचा सुमारे ९० टक्के भाग ओझोन थर व वातावरणातील इतर घटक शोषून घेतात. यूव्हीए (३१५ ते ४०० नॅनोमीटर) किरणे बहुतांशी जमिनीपर्यंत पोहोचतात. पृथ्वीपृष्ठावर येणाऱ्या अतिनील प्रारणात त्यांचा वाटा सुमारे ९५ टक्के असतो. खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीबी किरणे जवळजवळ येत नाहीत, मात्र यूव्हीए किरणांचा बराच भाग आत येतो.

एखाद्या ठिकाणी पोहोचणाऱ्या अतिनील किरणांची तीव्रता सूर्याची उंची, अक्षांश, ढग, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि परिसराचा पृष्ठभाग यांवर अवलंबून असते. दर १,००० मीटर उंचीमागे ही तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत, तर समुद्रकिनाऱ्याची कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरणे परावर्तित करते. ही तीव्रता सामान्य लोकांना समजावी म्हणून अतिनील निर्देशांक वापरला जातो. निर्देशांक ३ किंवा त्याहून अधिक असल्यास संरक्षण घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते; ११ व त्यावरील निर्देशांक अतितीव्र समजला जातो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण कटिबंधात निरभ्र दिवशी दुपारी हा निर्देशांक ११ च्या पुढे जाणे नित्याचे आहे. हवेचे तापमान व अतिनील तीव्रता यांचा थेट संबंध नसतो. त्यामुळे थंड हवेच्या उंच ठिकाणीही त्वचा भाजू शकते.

पेशींवरील परिणाम

यूव्हीबी किरणे पेशीतील डीएनए रेणूमध्ये थेट शोषली जातात. त्यामुळे डीएनएच्या एकाच साखळीतील शेजारचे दोन पिरिमिडीन घटक एकमेकांना जोडले जातात आणि डीएनएची प्रत काढताना चूक होते. यूव्हीए किरणांमुळे प्रामुख्याने क्रियाशील ऑक्सिजन संयुगे तयार होतात व ती डीएनएला इजा करतात. निरोगी पेशी इजा झालेला भाग कापून काढून तेथे नवा भाग बसवते. डीएनए दुरुस्तीच्या या यंत्रणांवरील संशोधनासाठी तोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुरुस्तीतून सुटलेली इजा उत्परिवर्तनाच्या रूपाने कायम राहते. पेशींच्या वाढीवर अंकुश ठेवणाऱ्या पी-५३ या जनुकात असे उत्परिवर्तन झाल्यास सदोष पेशी नष्ट न होता वाढत राहते. त्वचेच्या कर्करोगांतील पी-५३ जनुकात अतिनील किरणांचा विशिष्ट ठसा असलेली उत्परिवर्तने मोठ्या प्रमाणावर आढळतात. झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक विकारात ही दुरुस्ती यंत्रणाच सदोष असते. अशा रुग्णांमध्ये बालवयातच त्वचेचे कर्करोग होतात व त्यांचा धोका इतरांपेक्षा हजारो पटींनी अधिक असतो.

मेलॅनिन हे रंगद्रव्य त्वचेचे नैसर्गिक संरक्षण करते. काळ्या वर्णाच्या बाह्यत्वचेचे यूव्हीबी किरणांपासूनचे संरक्षण गोऱ्या त्वचेच्या सुमारे चौपट असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. हे रंगद्रव्य जन्मतः नसलेल्या, म्हणजे रंजकहीनता असलेल्या व्यक्तींना उष्ण कटिबंधात तरुण वयातच शल्कपेशी कर्करोग होण्याची शक्यता असते.

संशोधनाचा इतिहास

पर्यावरणातील एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होतो, हे सर्वप्रथम त्वचेच्या कर्करोगावरूनच लक्षात आले. लंडनमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमध्ये आढळणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचे वर्णन केले व काजळी हे त्याचे कारण असल्याचे सांगितले. ही मुले अगदी लहान वयात या कामाला लागत आणि त्यांच्या त्वचेच्या घड्यांमध्ये काजळी वर्षानुवर्षे साचून राही. रोग प्रत्यक्षात दिसू लागे तो ती मोठी झाल्यावर.

जोनाथन हचिन्सन यांनी १८८०च्या दशकात आर्सेनिकयुक्त औषधे दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांमधील त्वचेच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८९४ साली दर्यावर्दी खलाशांच्या त्वचेतील बदल आणि कर्करोग यांचा उन्हाशी संबंध जोडला. जपानमधील कात्सुसाबुरो यामागिवा व कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांवर कोळशाचे डामर वारंवार लावून १९१५ साली प्रयोगशाळेत कर्करोग निर्माण करून दाखवला. जॉर्ज फिंडले यांनी १९२८ साली अतिनील किरणांच्या साहाय्याने उंदरांमध्ये त्वचेचा कर्करोग निर्माण केला. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटिश संशोधकांनी कोळशाच्या डामरातून बेन्झोपायरीन हे कर्करोगजनक संयुग वेगळे केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ साली सौर प्रारणाचा, तर २००९ साली त्वचा कृत्रिमरीत्या सावळी करणाऱ्या अतिनील दिव्यांचा समावेश मानवासाठी निश्चितपणे कर्करोगजनक असलेल्या पहिल्या गटात केला.

ओझोन थराचा ऱ्हास

शीतपेट्या, वातानुकूलन यंत्रे व फवाऱ्याचे डबे यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुओरोकार्बन संयुगे स्थितांबरातील ओझोन नष्ट करू शकतात, असे मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी १९७४ साली मांडले. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनमध्ये वसंत ऋतूत होणारी मोठी घट प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार संमत झाला आणि १ जानेवारी १९८९ पासून तो अमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य राष्ट्रांनी या कराराला मान्यता दिली आहे. भारत १९९२ साली त्यात सहभागी झाला.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार या करारामुळे १८९० ते २१०० या काळात जन्मलेल्या अमेरिकी लोकांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे सुमारे ४४ कोटी ३० लाख प्रसंग टळतील. बंदी घातलेल्या संयुगांचे वातावरणातील प्रमाण घटत आहे. सध्याची धोरणे चालू राहिल्यास जगाच्या बहुतांश भागात ओझोन थर सुमारे २०४० पर्यंत, तर अंटार्क्टिकावर सुमारे २०६६ पर्यंत १९८० सालच्या पातळीवर येईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने झालेल्या मूल्यांकनात म्हटले आहे. उष्ण कटिबंधावरील एकूण ओझोनमध्ये फारशी घट झालेली नाही. त्यामुळे भारतातील तीव्र अतिनील प्रारणाचे कारण ओझोनचा ऱ्हास हे नसून देशाचे भौगोलिक स्थान हे आहे.

पाण्यातील आर्सेनिक

आर्सेनिक हे भूगर्भातील खडकांत व गाळात नैसर्गिकरीत्या आढळणारे मूलद्रव्य आहे. ते पाण्यात विरघळले तरी पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलत नाही. म्हणून तपासणीवाचून ते ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. भारतीय मानकातील स्वीकार्य मर्यादाही प्रतिलिटर ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे तेवढीच आहे.

तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींचे पाणी पिणाऱ्या ४०,४२१ लोकांच्या पाहणीत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण दर हजारी १०.६ इतके आढळले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पाण्यातील आर्सेनिक जसे वाढत जाते तसे रोगाचे प्रमाणही वाढत जाते, असे दिसून आले. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ साली आर्सेनिक विषबाधेचे रुग्ण ओळखले. बांगलादेशात १९९३ साली भूजलातील आर्सेनिकची खात्री झाली. तेथे जुलाब व पटकी पसरवणाऱ्या तळ्यांच्या पाण्याला पर्याय म्हणून १९७०च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदण्यात आल्या होत्या. त्यांतील पाणी जंतूंपासून सुरक्षित होते. आर्सेनिकची तपासणी मात्र त्या काळी केली जात नसे. भारतात पश्चिम बंगालखेरीज बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड व आसाम या राज्यांतही भूजलात आर्सेनिक आढळते. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही कठीण खडकातील भूजलात ते सापडले आहे.

आर्सेनिकमुळे होणारे बदल विशिष्ट क्रमाने दिसतात. प्रथम छाती व पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे गडद व फिके ठिपके उमटतात. पुढे तळहात व तळपाय जाड होऊन त्यांवर टणक, खरखरीत गाठी येतात. त्यानंतर काही वर्षांनी किंवा दशकांनी कर्करोग होऊ शकतो. उन्हामुळे होणारा कर्करोग चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर येतो, तर आर्सेनिकमुळे होणारा कर्करोग कपड्यांनी झाकलेल्या भागांवर आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी होऊ शकतो. या फरकाचा निदानात उपयोग होतो. आर्सेनिकमुळे फुफ्फुस व मूत्राशयाचेही कर्करोग होतात. त्वचेवरील डागांचा संबंध कुष्ठरोगाशी जोडला गेल्याने अनेक रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, विवाह व रोजगार यांबाबत बहिष्काराला तोंड द्यावे लागल्याचे बंगालमधील अभ्यासांत नोंदवले आहे.

आर्सेनिक डीएनएच्या दुरुस्तीत अडथळा आणते. पाण्यातून आर्सेनिक दिलेल्या उंदरांवर अतिनील किरणे टाकली असता, केवळ अतिनील किरणे दिलेल्या उंदरांपेक्षा त्यांना अधिक गाठी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. यावरून दोन्ही कारणे एकमेकांचा परिणाम वाढवतात, असे अनुमान केले जाते.

काजळी, डामर व औद्योगिक रसायने

कोळसा, लाकूड व तेल यांच्या अपूर्ण ज्वलनातून बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन ही संयुगे तयार होतात. काजळी, कोळशाचे डामर व शेल तेल यांतील कर्करोगजनक गुणधर्म प्रामुख्याने या संयुगांमुळे येतो. इंग्लंडच्या लँकेशायर भागातील सूतगिरण्यांमध्ये चात्यांच्या वंगणाचे तेल कामगारांच्या कपड्यांत मुरत असे. त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. पुढे शुद्ध केलेली वंगण तेले वापरात आल्यावर हा धोका कमी झाला. आज रस्त्यांसाठी वापरले जाणारे डांबर बहुधा पेट्रोलियमपासून मिळणारे बिटुमेन असते. कोळशाच्या डामराच्या तुलनेत त्यात ही संयुगे बरीच कमी असतात.

जुन्या ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटरमध्ये वापरली गेलेली पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल ही रसायने मेलॅनोमास कारणीभूत ठरतात, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली काढला. ही रसायने निसर्गात लवकर विघटित होत नाहीत.

हवेचे प्रदूषण

बाह्य हवेच्या प्रदूषणाचा समावेश २०१३ साली निश्चित कर्करोगजनकांच्या गटात करण्यात आला; परंतु तो फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून. त्वचेच्या कर्करोगाबाबतचा पुरावा अद्याप मर्यादित आहे. वाहनांच्या धुरातील सूक्ष्म कणांचा संबंध चेहऱ्यावरील काळ्या डागांशी व त्वचेच्या अकाली वार्धक्याशी असल्याचे जर्मनीतील एका अभ्यासात आढळले. प्रयोगशाळेत बेन्झोपायरीन व यूव्हीए किरणे एकत्र आली असता पेशींना होणारी इजा वाढते.

याच्या उलट, धुरके व जमिनीलगतचा ओझोन यूव्हीबी किरणांचा काही भाग अडवतात. त्यामुळे प्रदूषित शहरांत जमिनीवर पोहोचणारी यूव्हीबी किरणे काही प्रमाणात कमी होतात. यास संरक्षण समजणे योग्य नव्हे. तेच कण श्वासावाटे फुफ्फुसे व हृदय यांना अपाय करतात, आणि यूव्हीबी कमी मिळाल्याने त्वचेत तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वातही घट होते.

व्यवसायजन्य धोका

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अंदाजानुसार २०१९ साली जगातील सुमारे १६० कोटी लोक कामाच्या निमित्ताने उन्हात वावरत होते. त्याच वर्षी अशा कामामुळे मेलॅनोमाखेरीज अन्य त्वचाकर्करोगांनी सुमारे १९ हजार मृत्यू झाले. या कर्करोगांमुळे होणाऱ्या दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ एक मृत्यू उन्हातील कामामुळे होतो, असा त्याचा अर्थ आहे. शेतमजूर, मच्छीमार, बांधकाम कामगार, रस्त्यावरील विक्रेते व वाहतूक पोलीस यांचा या गटात समावेश होतो. या व्यवसायांत दुपारचे ऊन टाळणे सहसा कामगाराच्या हाती नसते. म्हणून कामाच्या वेळा बदलणे, सावलीची सोय करणे व संरक्षक कपडे पुरवणे ही जबाबदारी काम देणाऱ्यावर येते.

भारतातील स्थिती

भारतातील एकूण कर्करोगांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक ते दोन टक्क्यांच्या आसपास आहे. सावळ्या व काळ्या त्वचेतील मेलॅनोमा अनेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो व त्याचा उन्हाशी संबंध नसतो. पायाला काटा लागल्याची किंवा नख चेचल्याची खूण समजून त्याकडे दुर्लक्ष होते आणि निदान उशिरा होते.

भारतात काही कर्करोग राहणीशी निगडित आहेत. काश्मीरमध्ये थंडीत फेरणाखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगण्याच्या प्रथेमुळे पोट व मांड्यांवर शल्कपेशी कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ साली अशा सवयींशी निगडित कर्करोगांचे वर्णन केले. त्यात कमरेला धोतर घट्ट नेसल्यामुळे सततच्या घर्षणाने होणाऱ्या कर्करोगाचा समावेश होता. साडीच्या परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी आवळली गेल्याने होणारे असेच कर्करोग पुढे मुंबईसह अन्य ठिकाणांहून नोंदवले गेले. भाजल्याचा जुना व्रण किंवा वर्षानुवर्षे न भरलेली जखम यांतूनही शल्कपेशी कर्करोग उद्भवतो.

लक्षणे व निदान

पुढील बदल आढळल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक मानले जाते:

• चार आठवड्यांत न भरणारी किंवा वारंवार रक्त येणारी जखम.
• वाढत जाणारी चकचकीत, मोत्यासारखी किंवा खरखरीत गाठ.
• दोन बाजू असमान असलेला, कडा वेड्यावाकड्या असलेला किंवा एकाहून अधिक रंग असलेला तीळ.
• ६ मिलिमीटरपेक्षा मोठा किंवा आकार, रंग, उंची यांत बदल होणारा तीळ.
• तळपायावरील नवा काळा डाग किंवा नखातील रुंद होत जाणारी काळी रेघ.
• जुन्या भाजलेल्या व्रणात नव्याने आलेली गाठ किंवा जखम.

निश्चित निदान बायोप्सीने, म्हणजे ऊतीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर होते.

उपचार

शस्त्रक्रियेने गाठ पूर्णपणे काढणे हा प्रमुख उपचार आहे. रोग लवकर लक्षात आल्यास आधारपेशी व शल्कपेशी कर्करोग बहुतेक वेळा पूर्ण बरे होतात. चेहऱ्यासारख्या नाजूक भागी मोह्‌स शस्त्रक्रिया वापरली जाते. तीत एकेक पातळ थर काढून लगेच तपासला जातो आणि निरोगी ऊती वाचवली जाते. काही रुग्णांत शीत उपचार, किरणोपचार किंवा त्वचेवर लावण्याची औषधे वापरतात. शरीरात पसरलेल्या मेलॅनोमासाठी २०११ पासून प्रतिकारशक्तीवर आधारित नवी औषधे उपलब्ध झाली. त्यांचा पाया घालणारे जेम्स अॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे महाग असल्याने भारतासारख्या देशांत लवकर निदानाला विशेष महत्त्व आहे.

प्रतिबंध

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९८१ साली सुरू झालेल्या मोहिमेने अंगभर सदरा घालणे, सूर्यरोधक मलम लावणे व टोपी घालणे या तीन गोष्टी लोकांच्या सवयीच्या केल्या. क्वीन्सलँडमधील नंबोर येथे १,६२१ प्रौढांवर केलेल्या चाचणीत दररोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांमध्ये शल्कपेशी कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. पुढील दहा वर्षांच्या पाठपुराव्यात मेलॅनोमाचे प्रमाणही निम्मे आढळले. ही चाचणी प्रामुख्याने गोऱ्या लोकसंख्येवर झालेली असल्याने तिचे आकडे सावळ्या त्वचेला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

दुपारचे तीव्र ऊन टाळणे, रुंद काठाची टोपी, छत्री व घट्ट विणीचे कपडे वापरणे हे उपाय स्वस्त व परिणामकारक आहेत. एसपीएफ ३० असलेले मलम पुरेशा जाडीने लावल्यास सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरणे अडवते. घामामुळे ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. रंजकहीनता असलेल्या व्यक्ती, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण आणि ज्यांना पूर्वी त्वचेचा कर्करोग झाला आहे अशा व्यक्ती यांच्यासाठी हे संरक्षण अत्यावश्यक समजले जाते.

आर्सेनिकग्रस्त भागात मलम वा टोपी यांचा उपयोग मर्यादित आहे. तेथे प्रत्येक कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी आणि सुरक्षित पाण्याचा पर्यायी पुरवठा हाच मुख्य प्रतिबंध ठरतो. पाणी उकळल्याने आर्सेनिक नाहीसे होत नाही. उलट बाष्पीभवनामुळे उरलेल्या पाण्यातील त्याचे प्रमाण वाढते. दूषित पाणी पिणे थांबल्यानंतरही कर्करोगाचा धोका अनेक वर्षे टिकून राहतो, म्हणून अशा व्यक्तींच्या त्वचेची नियमित तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

हे सुद्धा पहा

• अतिनील किरणे
• ओझोन थर
• माँट्रियल करार
• आर्सेनिक
• मेलॅनिन
• कर्करोग